कंदिलावरचं नाव

"पास," तात्या कोपर्डे म्हणाले.

हा शेरा नदीवरच्या सातव्या पुलाला होता. आमची बोट त्याच्याखालून चालली होती आणि तात्या टोपी काढून, टक्कल पुसत, पुलाचं पोट न्याहाळत होते. आधीच्या सहा पुलांपैकी चार पास झाले होते. एक नापास झाला तो रंगामुळे, आणि दुसरा का झाला ते त्यांनी सांगितलं नाही.

तात्या सांगलीला आरटीओत मोटार वाहन निरीक्षक होते. एकतीस वर्षं लोकांना आठ काढायला लावून त्यांनी पास-नापास केलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर ती सवय सुटण्याचं काही कारण नव्हतं. विमानतळ पास, हॉटेलचा चहा नापास, गरम पाण्याचा संडास दोन वेळा तपासून पास. मला त्यांनी अजून शेरा दिला नव्हता.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. पुण्यात जपानी शिकून तोक्योला आले होते, भाषांतराची नोकरी गेली होती आणि एका पर्यटन कंपनीसाठी उन्हाळ्यात ज्येष्ठ नागरिकांचे गट फिरवत होते. हा अकरा जणांचा गट सांगली-मिरजेचा. कंपनीने मला सूचनांचा एक छापील कागद दिला होता. त्यातली चौथी सूचना अशी: "भूकंप, मृत्यू व आजारपण यांविषयी मार्गदर्शकाने स्वतःहून बोलू नये." मी ती पाळत असे. न बोलण्याच्या सूचना पाळायला सोप्या असतात.

तात्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता, म्हणजे कुणावरच नव्हता. त्यांच्या फोनमध्ये एक सोय होती. जपानी पाटीसमोर फोन धरला की पडद्यावर मराठी उमटायचं. मी काही सांगितलं की ते शांतपणे फोन काढून पाटीवर रोखत, आणि मग मान डोलवत. त्या दिवशी बोटीवरच्या पाटीचं मराठी आलं होतं, "कृपया आपले डोके पुलाला देऊ नका." तात्यांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि म्हणाले, "योग्य सूचना आहे."

ते पुढच्या बाजूला पूल तपासत बसले, तेव्हा कोपर्डेकाकू माझ्याशेजारी येऊन बसल्या. आधी त्यांनी पर्समधून चिवड्याची पुडी काढून माझ्या हातात दिली.

"मुक्ता, लग्न झालंय का गं तुझं?"

"नाही काकू."

"करशील तेव्हा घरी विचारून कर. म्हणजे न विचारताही कर, पण मग आठ काढता येणाऱ्याशी कर."

मला काही समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी, वैजयंती, हिने अकरा वर्षांपूर्वी तुषार नावाच्या मुलाशी कोल्हापुरात रजिस्टर लग्न केलं. मुलगा चांगला होता, नोकरी होती, जातीचाही फार प्रश्न नव्हता. पण त्याला तात्यांनी लायसनच्या परीक्षेत तीनदा नापास केलेलं होतं.

"तिन्ही वेळा पाय टेकला त्यानं," काकू म्हणाल्या. "हे म्हणाले, ज्याला मोटारसायकल सांभाळता येत नाही तो माझी पोरगी काय सांभाळणार. ती म्हणाली, मी चालत जाईन. आणि गेली."

"मग?"

"मग काय. यांनी तिच्या नावानं आंघोळ केली."

"म्हणजे संबंध तोडला."

"संबंध तोडला ते आहेच. पण आंघोळ म्हणजे खरंच आंघोळ केली, बाई. अंगणात बसले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी दोन घागरी ओतून घेतल्या. ड्यूटीवरून आलेले, खाकी होती अंगात. शेजारचे मगदूम कुंपणाला उभं राहून बघत होते. दुसऱ्या दिवशी परत ड्यूटी. युनिफॉर्म काय वाळेना. मीच रात्रभर इस्त्री फिरवून वाळवला." त्यांनी माझ्या हातातल्या पुडीतून एक शेंगदाणा उचलला. "तेव्हापासून तिचं नाव घ्यायचं नाही घरात. मी पण घेतलेलं नाही. आज तुझ्यापाशी घेतलं, ते परदेश आहे म्हणून."

पुढून तात्यांचा आवाज आला, "आठवा पास."

मिझुमाचीला आम्ही पाच वाजता उतरलो. तोक्योच्या पूर्वेकडचा हा नदीकाठचा जुना भाग. ऑगस्टच्या मध्यावर तिथे तीन दिवस जत्रा भरते. धक्क्यावर दोन्ही बाजूंनी दुकानं लागलेली, बर्फाचे गोळे, तव्यावरच्या शेवया, कागदी चमच्याने सोनेरी मासे पकडायचा खेळ. एका ढोलाभोवती बायका रिंगण धरून नाचत होत्या. सगळा कारभार तिथल्या गल्लीच्या मंडळाकडे होता, आणि मंडळाचे लोक निळे सुती डगले घालून, आपल्याकडे असतात तसेच, एकमेकांना जोरजोरात सूचना देत होते.

आमच्या कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं: "सायंकाळी दीपोत्सव. प्रत्येकी एक कंदील मोफत." दीपोत्सव हा शब्द पुण्याच्या ऑफिसात बसून कुणीतरी शोधला होता. खरी गोष्ट अशी की वर्षातून एकदा या दिवसांत मेलेली माणसं आपापल्या घरी येऊन जातात असं जपानी लोक मानतात. जत्रेच्या शेवटच्या संध्याकाळी त्यांना परत पाठवायचं असतं. कागदाच्या चौकोनी कंदिलावर त्यांचं नाव लिहायचं, आत मेणबत्ती लावायची आणि कंदील नदीत सोडायचा.

हे मला माहीत होतं. पण चौथी सूचना होती, उकाडा होता, अकरा जणांना अकरा दिशांना जायचं होतं. मी टेबलापाशी उभी राहून एवढंच म्हणाले, "यावर आपल्या माणसांची नावं लिहा. मग कंदील पाण्यात सोडायचे."

सांगली-मिरजेच्या लोकांना दीपदान कुणी शिकवायला लागत नाही. कृष्णेच्या घाटावर कार्तिकात द्रोणात दिवे सोडत ज्यांचा जन्म गेला, त्यांनी अभिषेकाच्या पावतीवर लिहितात तशी नावं लिहिली. मुलगा, सून, नातू, अमेरिकेतला भाऊ. निवृत्त मुख्याध्यापक शेंडगे सरांनी फॉर्म भरायच्या सवयीने सगळ्यात आधी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, आडनाव आधी.

काकू टेबलापाशी शेवटी आल्या. तात्या तेव्हा मासे पकडायच्या खेळातले कागदी चमचे तपासत होते.

"मुक्ता," काकू हळूच म्हणाल्या, "वैजूच्या नावानं सोडला तर चालेल का गं? इथं कोण ओळखतंय."

आता बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण काकूंनी पेन हातात घट्ट धरलं होतं, मागे जपानी लोकांची रांग होती, आणि यांना सांगायचं म्हणजे बाकी दहा जणांनाही सांगायला लागणार होतं.

"चालेल, काकू," मी म्हणाले.

त्यांनी मोठ्या, गोल अक्षरांत 'वैजयंती' लिहिलं. आडनाव लिहिलं नाही. थोडा वेळ विचार करून कोपऱ्यात एक छोटं स्वस्तिक काढलं.

टेबलावर बसलेले म्हातारे गृहस्थ मंडळाचे जुने कार्यकर्ते होते, ओनोदेरासान. त्यांचा धंदा पाथरवटाचा, थडग्यांवरची नावं कोरायचा. ज्यांना कुंचला धरता येत नाही त्यांची नावं ते कंदिलावर लिहून देत होते. त्यांनी आमचे अकरा कंदील पाहिले, नावं मोजली आणि मला बाजूला बोलावलं.

"अकरा माणसं आणि सोळा नावं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "यांच्या गावात काही अपघात झाला का?"

"भारत मोठा देश आहे," मी म्हणाले.

ओनोदेरासान उठले. त्यांनी मंडळाच्या आणखी तिघांना बोलावलं आणि चौघांनी आमच्या गटासमोर ओळीने उभं राहून कंबरेत वाकून नमस्कार केला. बराच वेळ ते वर आले नाहीत. आमच्या लोकांनीही उलट वाकून नमस्कार केला. शेंडगे सर म्हणाले, "किती नम्र लोक आहेत. आपल्याकडं मंडळाची पोरं वर्गणी घेताना पण वाकत नाहीत."

मी ठरवलं की गप्प राहायचं. आणखी अर्ध्या तासात कंदील जातील, सगळे खूश आहेत, उद्या सकाळी आपण क्योटोला. कुणाचं काही बिघडत नव्हतं. असं मी मनाला समजावलं आणि बर्फाचा गोळा घेतला.

साडेसहाच्या सुमाराला ऊन उतरलं. मंडळाच्या लोकांनी कंदील पेटवून पायऱ्यांवरून पाण्यात सोडायला सुरुवात केली. नदीच्या त्या भागाला पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या होत्या. कोपर्डेकाकूंचा कंदील पहिल्या खेपेतच गेला. बाकीचे अजून टेबलावर होते. काकू पायरीवर हात जोडून उभ्या होत्या.

तात्या टेबलापाशी आले. टेबलामागे एक पाटी होती. त्यांनी फोन काढला, पाटीवर रोखला आणि चष्मा वर करून वाचलं. मग मोठ्याने वाचलं, बोटीवरची पाटी वाचली होती त्याच आवाजात:

"मृत व्यक्तीचे नाव येथे लिहावे. आम्ही त्यांना सुखरूप परत पाठवू."

मग शेंडगे सर म्हणाले, "मग माझं काय?"

त्यानंतर एकच गलका झाला. कुणी नातवाचं नाव खोडायला लागलं, कुणी कंदीलच पोटाशी धरून चालायला लागलं. एका वहिनींनी सुनेचं नाव तसंच ठेवावं का याचा थोडा वेळ विचार केल्यासारखं मला वाटलं, पण खोडलं त्यांनीही. तात्या त्या गडबडीत पडले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते.

"मॅडम, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"नापास," तात्या म्हणाले.

मग ते पायऱ्यांकडे वळले. काकू दोन पायऱ्या वर आल्या होत्या. त्यांनी पाटीचं वाचन ऐकलं होतं.

"तू कुणाचं लिहिलंस?" तात्यांनी विचारलं.

काकूंनी नदीकडे बघितलं. पंधरा-वीस कंदील पायऱ्यांपासून दोन-तीन हातांवर एकमेकांना ढकलत फिरत होते, आणि त्यातल्या एकाच कंदिलावर देवनागरी होती. तात्यांना वाचायला फोन लागला नाही.

मी काकूंच्या जवळ गेले. "चूक माझी आहे," मी म्हणाले. "काकूंनी मला विचारलं होतं. मीच चालेल म्हणाले."

"तू गप बस गं," काकू म्हणाल्या. माझ्याकडे न बघता. "चूक कसली त्यात? यांच्या लेखी बरोबरच आहे की. आंघोळ यांनीच केली होती. अकरा वर्षं झाली, दिवा तेवढा राहिला होता. तो मी सोडला. झालं की नाही बरोबर, अहो? पास का नापास?"

तात्यांनी टोपी काढली आणि माझ्या हातात दिली. फोन दिला. चष्मा दिला. मग बूट न काढताच ते पायऱ्या उतरून पाण्यात गेले.

पहिल्या पायरीवर पाणी घोट्याला, दुसरीवर गुडघ्याला होतं. तिसरीवर शेवाळ असावं. तात्या बसल्यासारखे खाली गेले, नाकातोंडात पाणी गेलं, आणि उठले तेव्हा छातीइतक्या पाण्यात होते. काठावर शिट्ट्या वाजायला लागल्या. ढोल थांबला. तात्यांनी दोन अनोळखी कंदील हळूच बाजूला केले, वैजयंतीचा कंदील खालून दोन्ही हातांनी उचलला आणि डोक्याच्या उंचीवर धरून ते परत फिरले. मेणबत्ती विझली नव्हती.

मंडळाचे लोक धावत आले. एकाने सांगितलं की पाण्यात सोडलेला कंदील परत घेता येत नाही. पुढे वळणावर मंडळाची होडी असते, ती सगळे कंदील गोळा करते, मग देवळात विधिपूर्वक जाळतात. घरच्या माणसाने गेलेल्याला असं परत ओढणं बरं नाही. मी हे मराठीत सांगितलं.

तात्यांच्या अंगावरून पाणी निथळत होतं. "त्यांना सांगा," ते म्हणाले.

"काय सांगू?"

त्यांना धाप लागली होती.

"सांगा, मुलगी जिवंत आहे."

मी सांगितलं. "मुसुमे वा इकिते इमास." जपानीत ते फारच छोटं वाक्य आहे. पण धक्क्यावर एवढी शांतता झाली होती की पलीकडच्या शेवयांच्या दुकानापर्यंत ते ऐकू गेलं.

"मोठ्यानं सांगा," तात्या म्हणाले, आणि मग मला वेळ न देता स्वतःच ओरडले, मराठीत, जमलेल्या सगळ्या जपानी लोकांना उद्देशून, "माझी पोरगी जिवंत आहे!"

काकू पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

ओनोदेरासान पुढे आले. त्यांनी तात्यांच्या हातातला कंदील घेतला, टेबलावर ठेवला, मेणबत्ती फुंकरीने विझवली. मग आपल्या पेटीतून दुसरा कुंचला आणि लाल शाईची वाटी काढली.

"आमच्याकडे नवरा-बायकोचं थडगं एकच असतं," ते मला म्हणाले, आणि मी तात्यांना सांगत गेले. "एक जण आधी जातो. तेव्हा मागे राहिलेल्याचं नावही कोरून ठेवतात, पण त्यात लाल रंग भरतात. लाल म्हणजे हे माणूस अजून इथे आहे. मग घोटाळा होत नाही."

ते खाली वाकले आणि त्यांना न कळणारी ती अक्षरं एकेक करून गिरवायला लागले. वेलांटी उलट्या बाजूने काढली, तेवढं सोडलं तर चित्रासारखं जसंच्या तसं. तात्या टेबलाला वाकून बघत होते आणि त्यांच्या नाकावरून पाण्याचे थेंब टेबलावर पडत होते. ओनोदेरासाननी आपल्या गळ्यातला पंचा काढून त्यांच्या डोक्यावर टाकला. गिरवून झाल्यावर, कंदील परत देताना, त्यांनी रीतीप्रमाणे सहज विचारलं,

"कशी आहे मुलगी?"

मी मराठीत विचारलं, "कशी आहे मुलगी, म्हणून विचारतायत."

तात्यांनी काकूंकडे बघितलं.

"बरी आहे का गं ती?"

"तुम्हीच विचारा," काकू म्हणाल्या.

त्यांनी पर्समधून आपला फोन काढला. नावांची यादी खाली ओढत एका नावावर बोट ठेवलं. मी शेजारी होते, मला दिसलं. तिथे लिहिलं होतं, 'गॅस एजन्सी'.

"आज गुरुवारच आहे," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "पण तिकडं चार वाजायला अजून पाऊण तास आहे. चारला फोन करायची ती."

"मला काय सांगतेस?" तात्या म्हणाले. "डोक्यावर एक केस नाही माझ्या. दर गुरुवारी चार वाजता मी सलूनमध्ये जाऊन काय करत होतो वाटलं तुला? रिटायर झाल्यापासून तो न्हावी मला चहा पाजतोय."

काकूंनी डोळे पुसायचं थांबवलं.

"लाव," तात्या म्हणाले.

काकूंनी फोन लावून त्यांच्या हातात दिला. हात ओला होता म्हणून तात्यांनी तो आधी पंच्याला पुसला. पलीकडे घंटी वाजत असावी. आमचा सगळा गट आपापले खोडलेले कंदील घेऊन उभा होता. मंडळाचे लोक उभे होते. पलीकडून कुणीतरी उचलला.

"हॅलो," तात्या म्हणाले. "हॅलो, गॅस एजन्सी का?"

मग तात्या सगळ्यांकडे पाठ करून नदीकडे तोंड करून उभे राहिले, आणि आम्हाला फक्त त्यांचे खांदे आणि डोक्यावरचा पंचा दिसत होता.

कंपनीने पुढच्या उन्हाळ्यात मला बोलावलं नाही. शेंडगे सरांनी तक्रार केली होती, आणि ती रास्त होती.

पुढे पाचेक वर्षांनी मी कोल्हापूरला एका लग्नाला गेले होते, तेव्हा काकूंनी आग्रहाने वैजयंतीच्या घरी बोलावलं. मे महिना होता, तात्या आणि काकू नातवंडांसाठी तिथेच आले होते. तुषार मला स्टँडवरून मोटारसायकलवर घेऊन आला. फाटकाशी वळताना त्याने पाय टेकला. खिडकीतल्या तात्यांकडे त्याने बघितलं नाही, मीही बघितलं नाही.

बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी तो कंदील टांगलेला होता. कागद पिवळा पडला होता, पण नाव लालभडक होतं, उलट्या वेलांटीसकट. मला आश्चर्य वाटलं. पाच वर्षं उन्हात राहिलेली शाई अशी राहत नाही.

"बाबा दर उन्हाळ्यात गिरवतात," वैजयंती म्हणाली. भिंतीवरच्या फोटोतल्यापेक्षा ती बारीक झाली होती आणि डोक्याला रुमाल बांधलेला होता. "वर्षातून एकदा. यंदा मात्र दोनदा गिरवलं. फेब्रुवारीत माझं ऑपरेशन होतं ना, त्या दिवशी सकाळी एकदा."

आतल्या खोलीतून तात्यांचा आवाज आला. "शाई पातळ देतात हल्ली," ते म्हणाले. "नापास."